किमान साठा : एक

मॉड्यूल मिळालं, बसलं आणि दोन्ही दिवे हिरवे लागले. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, असं धरून पुढे जाऊ. तसं काही घडलेलंच नाही. ज्याने ते बसवलं त्याला विचारलंत, तर तो तुम्हाला बसायला खुर्ची देईल, पाणी देईल आणि विषय हवामानावर नेईल. तेव्हा बिघाडापासून सुरुवात करू. बिघाड मात्र सगळ्यांना मान्य आहे.

त्याला प्लांटमध्ये सगळे ‘तात्पुरते’ म्हणत. हे आडनाव नव्हे. टर्बाइनच्या कंट्रोलचं काम बघणारा जुना माणूस रजेवर गेला, म्हणून याला तात्पुरतं बोलावलं होतं. जुन्या माणसाने रजेतच दुसरीकडे नोकरी धरली, आणि तात्पुरते कायमचे झाले. सामान मात्र त्याने कधी पुरतं सोडलं नाही. क्वार्टरमध्ये दोन खोकी अजून चिकटपट्टीसकट भिंतीला टेकून उभी होती आणि तो त्यांच्यावर शर्ट वाळत घालायचा.

बायको आणि मुलगी दुसऱ्या गावी होत्या, बायकोच्या नोकरीच्या गावी. तो निघाला तेव्हा मुलगी रांगत होती. आता ती शाळेत जायची आणि बाईंना सांगायची, की आमच्याकडे दोन बाबा आहेत, एक फोटोतला आणि एक फोनमधला. फोटोतला जास्त चांगला, कारण त्याचा आवाज मध्येच जात नाही.

बदलीसाठी त्याने इतके अर्ज केले होते, की शेवटी वरच्यांना मंजूर करणं सोपं वाटलं. बायकोच्या गावच्या प्लांटमध्ये एक जागा रिकामी झाली होती, तिथे त्याची नेमणूक झाली. सही झाली, शिक्का बसला आणि खाली एक ओळ आली: ‘टर्बाइन नियंत्रण प्रणालीतील प्रलंबित बिघाड दूर झाल्यावर संबंधितास कार्यमुक्त करावे.’ संबंधित म्हणजे तो. बिघाड म्हणजे मॉड्यूल.

टर्बाइन कितीही अवाढव्य असलं तरी त्याला अक्कल कपाटातून पुरवावी लागते. वाफ किती घ्यायची, वेग किती ठेवायचा, कधी गप्प बसायचं, हे सगळं कंट्रोल रूमच्या मागच्या एका राखाडी कपाटातली कार्डं ठरवतात. त्या कार्डांना वीज देणारी दोन पॉवर मॉड्यूल कपाटाच्या तळाशी बसलेली असतात. जुळी भावंडंच. एक थकलं तर दुसऱ्याने ओझं उचलायचं, अशी घरातली रीत. त्यातलं डावं मेलं होतं आणि उजवं दोघांचं ओढत होतं. उजवंही गेलं, तर कार्डांची अक्कल जाते, आणि अक्कल गेलेलं टर्बाइन एकच शहाणपणा करतं, जागच्या जागी बंद पडतं. वीज तयार करणारा कारखाना मूठभर विजेवाचून बंद पडला, तर लोक हसतात. तेही अंधारात.

तात्पुरत्याने मॉड्यूल बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. उत्तर फार आपुलकीचं आलं. ते मॉड्यूल बनवणं आम्ही कधीच सोडलं, बनवणारेही निवृत्त झाले, पण ते अजून कुठेतरी चालू आहे हे वाचून आम्हाला भरून आलं. एखादा फोटो पाठवाल का? स्वागतकक्षात लावायचा आहे.

त्याच जातीचं कपाट असलेला आणखी एक प्लांट होता. तिथल्या माणसाला त्याने फोन लावला.

“तुमच्याकडे एखादं पॉवर मॉड्यूल जास्तीचं असेल का?”

तो माणूस म्हणाला, “मी आज जेवून तुम्हालाच फोन करणार होतो.”

“म्हणजे तुमचंही गेलं?”

“डावं.”

“आमचंही डावंच.”

दोघांनी फोन हळूच ठेवले. सुतकात ठेवतात, तसे.

मग मामा भेटला. मामा म्हणजे जुन्या सुट्या भागांचा व्यापारी. बंद पडलेल्या कारखान्यांतून तो वस्तू उचलायचा आणि बंद पडू घातलेल्या कारखान्यांना विकायचा. सगळे त्याला मामा का म्हणतात, हे तात्पुरत्याला तेव्हा कळलं नाही. कारण मामा स्वतः बनत नसे.

“आहे आहे, तुमचंच आहे,” मामा फोनवर म्हणाला. “एकदम कोरं.”

“चालू आहे ना?”

“चालू? अहो, पळतंय!”

“मला पळणारं नको हो. एका जागी गप्प बसणारं हवंय.”

“मग तर फारच उत्तम. याच्यासारखं गप्प बसणारं तुम्हाला मिळायचं नाही.”

हे मात्र मामाने खरं सांगितलं होतं. पार्सल आलं, तात्पुरत्याने वर्कशॉपमध्ये स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत फरशीचा तुकडा होता. नीट मापात कापून, चारी बाजूंनी डिंक लावून बसवलेला. वजन अगदी मॉड्यूलइतकं. काम इतकं मन लावून केलं होतं, की त्याला राग आणायलाच थोडा वेळ लागला.

“मामा, आत फरशी आहे.”

“कसली?”

“कसली म्हणजे? मला फरशीतलं कळत नाही.”

“नाही, पॉलिशची आहे की साधी? पॉलिशची असेल तर दुसऱ्याचं पार्सल चुकून तुमच्याकडे आलंय.”

ती पॉलिशचीच होती. त्याने फोन ठेवला. म्हणजे आणखी कुणीतरी, कुठेतरी, आत्ता साध्या फरशीकडे बघत उभा होता.

पार्सल परत पाठवण्यासाठी तो स्टोअरमध्ये गेला. स्टोअर म्हणजे ग्रीस आणि रबर यांच्या वासाने भरलेलं एक लांबच लांब पत्र्याचं दालन. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे ‘कुलूपताई’ म्हणत. पाठीमागे कुलूप, समोर ताई. निवृत्ती तोंडावर आलेली, गुडघे त्याच्याही आधी निवृत्त झालेले. साधा बल्ब नेला तरी त्या जुना बल्ब मागून घेत, आणि तो खरंच गेलाय का, हे कानाशी हलवून बघत.

“पॉवर मॉड्यूल ना हे?” पार्सलवरचा क्रमांक वाचत ताई म्हणाल्या. “हे कशाला मागवलंत? एक आहे की.”

तात्पुरत्याने हातातली पावती खाली ठेवली. “कुठे आहे?”

“मागच्या रांगेत, वरच्या फळीवर. खोकं फोडलेलंसुद्धा नाही.”

“ताई, मी इतक्या महिन्यांत तुमच्याकडे किती वेळा आलो!”

“आलात ना. दर वेळी म्हणालात, ‘ताई, मॉड्यूल मिळेल का?’ मी म्हणाले, नाही मिळणार. मिळणार नाहीच. पण आहे.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे त्याने ऐकलं होतं. पण काखेतला कळसा काखेतून काढायला मनाई असते, हे म्हण रचणाऱ्याला ठाऊक नसावं. ताईंनी कॉम्प्युटरवर क्रमांक टाकला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘वितरण शक्य नाही. किमान साठा : एक.’

“म्हणजे काय?”

“म्हणजे अडीअडचणीला म्हणून एक कायम ठेवायचंच. शेवटचं द्यायचं नाही. दोन असती तर एक दिलं असतं.”

“पण अडचण आलीये ना! तीच ही अडचण.”

“मग ते बरोबर जागेवर आहे,” ताई म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. इतकी वर्षं हेच वाक्य बोलून त्यातला टोमणा झिजून गेला होता.

हा किमान साठा कुणी ठरवला, याची त्याने चौकशी केली. मुख्य कार्यालयात त्यासाठी एक समिती होती. तिने प्रत्येक वस्तूचा आकडा ठरवला, काम चोख झालं म्हणून तिचं कौतुक झालं, आणि ती विसर्जित झाली. आकडा बदलण्याचा अधिकार फक्त समितीला. त्याने पत्र लिहिलं. उत्तर आलं, की विषय समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवण्यात येईल.

तो मोठ्या साहेबांकडे गेला. मोठे साहेब प्लांटचे प्रमुख होते, आणि कुठलीही गोष्ट त्यांना सांगितली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू त्यांच्या अंगावर कुणी झोपलेलं मूल ठेवलंय. हलायचं नाही, बोलायचं नाही.

“स्टोअरमध्ये एक आहे?” मोठे साहेब पहिल्यांदाच उजळले. “अरे वा! मग प्रश्नच मिटला.”

“वापरता येत नाही, साहेब.”

“पण आहे ना?”

“आहे.”

त्यांनी त्याच दिवशी वर कळवून टाकलं, की सुटा भाग उपलब्ध आहे. दोन दिवसांत वरून उत्तर आलं: सुटा भाग उपलब्ध असल्याने नवीन खरेदीस दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे. म्हणजे आता आहे म्हणून घेता येत नव्हतं, आणि एकच आहे म्हणून वापरता येत नव्हतं. तात्पुरता बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. त्याला चीड यायला हवी होती, पण तीही बहुतेक किमान साठ्यावर आली होती.

त्याच आठवड्यात उजव्या मॉड्यूलचा पंखा कण्हायला लागला. तात्पुरता स्क्रूड्रायव्हरचं टोक मॉड्यूलच्या पत्र्यावर टेकवून मूठ कानाला लावायचा आणि डॉक्टरसारखा डोळे मिटून उभा राहायचा. मधूनच विजेचा दाब पडायचा आणि ऑपरेटरच्या स्क्रीनने पापणी लववल्यासारखं व्हायचं. ऑपरेटर म्हणायचा, “साहेब, हे पाहिलंत का?” तात्पुरता म्हणायचा, “नाही.” दोघांनाही तेवढंच झेपत होतं.

प्लांटमध्ये त्याच्या फोनला रेंज एकाच ठिकाणी यायची, स्टोअरच्या खिडकीशी. त्यामुळे त्याचा संसार ताईंच्या डोळ्यांदेखत चालला होता. नाही म्हटलं तरी कानांदेखत, कारण स्पीकर लावल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नसे. ताई टेबलाशी बसून नट मोजत आणि ऐकत नसल्यासारखं करत.

“तिकडचे साहेब विचारत होते,” बायको म्हणाली. तिचा आवाज रागावलेला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमलेला होता. “या महिन्यात हजर होणार असशील तर ठीक, नाहीतर ती जागा दुसऱ्याला देतील. त्यांचंही बरोबर आहे. त्यांना माणूस हवाय, वचन नकोय.”

“बघतो.”

“बघ. तू चांगलं बघतोस.”

मग मुलगी आली. “बाबा, तू कधी येणार?”

“मॉड्यूल मिळालं की लगेच.”

“ते हरवलंय?”

“नाही गं. ते फळीवर आहे.”

“मग उंच आहे का? खुर्ची घे.”

नट मोजणाऱ्या ताईंचा हात थांबला. त्यांनी मोजलेला सगळा ढीग परत एकत्र केला आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर चहाचे दोन कप होते. ताई कुणाला चहा देत नसत, कारण कप परत येत नसत.

“पुढच्या महिन्यात मोजणीवाले येतात,” त्या कपाकडे बघत म्हणाल्या. “खोकी मोजतात. आत डोकावत नाहीत. मागे एका खोक्यात मांजर व्यायलं होतं, तरी साठा बरोबर आला.”

“बरं.”

“आता मी जेवायला जाते. गुडघ्यांमुळे मला जायला वेळ लागतो, यायला त्याहून जास्त. कुलूप लावलं की नाही, ते हल्ली आठवत नाही. वय झालं.”

“ताई—”

“मी तुम्हाला काही म्हणाले का?”

“नाही.”

“मग ‘ताई’ काय? चहा प्या, गार होतोय.” आणि उठता उठता, पाठमोऱ्या, त्या म्हणाल्या, “खुर्ची त्या कोपऱ्यात आहे. तिचा एक पाय डुगडुगतो, सांभाळून.”

त्या दुपारी मेलेलं डावं मॉड्यूल एका कापडी पिशवीतून स्टोअरमध्ये गेलं आणि वरच्या फळीवरच्या खोक्यात, मूळच्या थर्मोकोलमध्ये, सन्मानाने झोपलं. खोक्याला पट्टी लागली, पट्टीवर धूळ फासली. धूळ फासताना तात्पुरत्याला वाटलं, आपण इंजिनिअर झालो तेव्हा आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड गोड करायला बोलावलं होतं. ते यासाठी.

जिवंत मॉड्यूल त्याच पिशवीतून वर्कशॉपमध्ये आलं. वर्षानुवर्षं फळीवर पडलेल्या मॉड्यूलला एकदम पूर्ण दाबाची वीज देऊन चालत नाही. आतले कपॅसिटर सुस्तावलेले असतात, एकदम जागं केलं तर फुटतात. त्याने ते टेबलावर जोडलं आणि दाबाची चकती चिमटीत धरून, केसभर केसभर फिरवत, दुपार संपेपर्यंत त्याला उठवत राहिला. थोडा दाब, मग हात लावून बघायचं, गरम नाही ना. मग आणखी थोडा. मध्येच त्याच्या लक्षात आलं, की आपण त्याच्याशी बोलतोय. “ऊठ रे. शाळेला उशीर होईल,” असं काहीतरी. मुलीला असं उठवण्याचा त्याला अनुभव नव्हता. तरी वाक्य बरोबर आलं.

चहाच्या सुट्टीत कंट्रोल रूममध्ये एकच ऑपरेटर होता. तात्पुरता कपाटामागे गेला. टर्बाइन चालू, उजवं मॉड्यूल कण्हतंय. अशा वेळी नवं मॉड्यूल आत सारताना ठिणगीएवढी चूक झाली तरी सगळं बंद. त्याने खाचेत मॉड्यूल ठेवलं आणि तळव्याने ढकललं. खट. काही झालं नाही. मग डावा दिवा हिरवा लागला. उजव्याचा पंखा, कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसा, हळूहळू कण्हायचा थांबला.

ऑपरेटरच्या स्क्रीनवरून ‘डावे मॉड्यूल बंद’ ही लाल ओळ निघून गेली. ऑपरेटरला ते कळलंही नाही. ती इतके महिने तिथे होती, की त्याला तो कंपनीचा लोगो वाटायचा.

तात्पुरता तडक मोठ्या साहेबांकडे गेला. जाताना जिन्यावर त्याने दोन पायऱ्या एकदम घेतल्या. असं तो इथे आल्यापासून पहिल्यांदाच करत होता.

“साहेब, बिघाड दूर झाला. दोन्ही मॉड्यूल चालू आहेत. मला सोडा.”

“वा वा!” मोठ्या साहेबांनी पेन उघडलं. मग पेन तसंच हवेत राहिलं. “कसा झाला?”

“झाला.”

“नवीन खरेदी?”

“ती तर रद्द झाली ना, साहेब.”

“स्टोअरमधलं घेतलं?”

“स्टोअरमध्ये एक होतं, तिथे एक आहे. बघा हवं तर.”

“मग जुनंच दुरुस्त केलंत? त्याला तर तुम्हीच दुरुस्तीस अपात्र असा शेरा दिलाय.”

“आपोआप झालं असेल.”

मोठे साहेब खुर्चीत मागे टेकले. अंगावरचं झोपलेलं मूल हललं होतं. “हे बघा, बिघडलं असतं तर मी समजू शकलो असतो. वस्तू बिघडतातच. पण आपोआप नीट झालं, हे मी वर कसं कळवू? याची चौकशी लावावी लागेल. कपाट तपासतील, स्टोअर तपासतील, खोकं उघडतील. घाबरण्यासारखं काही नाही. दोन-चार जणांचे जबाब होतील, चौकशी संपेपर्यंत कुणाची निवृत्ती-बिवृत्ती असेल तर तिचे कागद थांबतील, एवढंच. मग तुम्ही मोकळे.”

पेन अजून उघडं होतं. तात्पुरत्याला त्याचं निळं टोक दिसत होतं. त्याला वाटलं, मान हलवावी. फक्त मान हलवायची होती. जबाबात आपण आपलं बोलू, ताई त्यांचं बोलतील. चौकशीतून आजवर कुणाला काय झालंय? मग त्याला आठवलं, की एकाला झालं होतं. एका वॉचमनला. एका हरवलेल्या टॉर्चसाठी.

“साहेब,” तो म्हणाला, “मी जरा घाईत बघितलं वाटतं.”

“म्हणजे?”

“एकच चालू आहे. उजवं. डावं बंदच आहे.”

“नक्की?”

“नक्की. उजेडाची तिरीप पडली होती दिव्यावर. मला हिरवं वाटलं.”

मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि त्यांचा चेहरा पूर्ववत शांत झाला. “असं होतं कधीकधी. जास्त काम झालं की होतं. तुम्ही विश्रांती घ्या.”

जिना उतरताना त्याने प्रत्येक पायरी घेतली. कपाटामागे जाऊन त्याने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि डाव्या मॉड्यूलच्या हिरव्या दिव्यावर नीट चिकटवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग ‘मी ठीक आहे’ असा निरोप स्क्रीनकडे नेणारी बारीक वायर त्याने सोडवली. बाहेर ऑपरेटरच्या स्क्रीनवर लाल ओळ परत आली. या वेळी मात्र ऑपरेटरने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “हे नवीन आहे का काही?”

“नाही,” तात्पुरता म्हणाला. “जुनंच.”

चालत्या मॉड्यूलला बंद दाखवणं हे त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतलं सर्वांत निर्दोष काम होतं. ते मॉड्यूल पट्टीआड खरंच चालू आहे का, हे बघायला आता रोज कुणीतरी हवं होतं, आणि ते माहीत असलेला माणूस पृथ्वीवर एकच होता.

संध्याकाळी तो खिडकीशी गेला. ताई कुलूप हातात घेऊन निघायच्या तयारीत होत्या.

“मग? कधी निघताय?”

“बघू.”

त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. बल्ब हलवून बघताना बघत तसं. मग हातातलं कुलूप टेबलावर ठेवलं. “साहेब काय म्हणाले?”

“चौकशी लावतो म्हणाले. मी म्हटलं, डावं बंदच आहे.”

“मूर्ख आहात हो तुम्ही,” ताई म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या. तो पुसून झाला तरी पुसत राहिल्या. “बायकोला काय सांगणार?”

“खरं सांगेन. तिला सवय आहे.”

त्याने फोन लावला. बायकोने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही ‘अरे’ म्हणाली नाही. शेवटी तिने विचारलं, “म्हणजे ते चालू आहे?”

“छान चालू आहे. गरमसुद्धा होत नाही.”

“आणि तू तिथेच?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. “तिकडच्या साहेबांना मी अजून चार-आठ दिवस थोपवते. तोवर काहीतरी लिही. तुला अर्ज तरी चांगले येतात.”

म्हणून त्याने कोरा कागद घेतला. ताईंनी स्वतःचं पेन दिलं आणि जुनं पेन मागितलं नाही. त्याने लिहिलं:

‘प्रति, मा. अध्यक्ष, किमान साठा निश्चिती समिती (विसर्जित). विषय : न झालेली दुरुस्ती झाली असल्याचे समजणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, टर्बाइन नियंत्रण कपाटातील डावे पॉवर मॉड्यूल आजमितीस बंद असून ते अत्यंत समाधानकारकरीत्या बंद आहे, व यापुढेही दीर्घकाळ असेच उत्तम प्रकारे बंद राहील, याची अर्जदार हमी देत आहे. सबब, सदर बिघाड कोणीही दूर केलेला नाही हे कायम ठेवून, तो दूर झाल्याप्रमाणे अर्जदारास त्याच्या मुलीकडे कार्यमुक्त करण्यात यावे, आणि ते कसे, याबाबत कोणासही, कोणत्याही कारणास्तव, विचारणा करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’